टँकलेस वॉटर हीटरसाठी गॅसची लाईन किती इंची लागते?

अंगणवेल | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचं घर आहे, ऐंशीच्या दशकात बांधलेलं. बेसमेंटमध्ये ४० गॅलनचा टाकीवाला गॅस वॉटर हीटर आहे आणि तो आता बुडाशी गळू लागलाय. पुढच्या महिन्यात सासू-सासरे पुण्याहून येतायत, घरात दोन मोठी मुलं, सकाळी सगळ्यांच्या अंघोळी पाठोपाठ. टाकी संपली की शेवटच्याच्या वाट्याला गार पाणी. म्हणून टँकलेस, म्हणजे टाकी नसलेला, लागेल तेव्हा पाणी तापवणारा हीटर घ्यायचं पक्कं केलं. पसंत केलेलं मॉडेल तासाला १,९९,००० बीटीयूचं (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) आहे.

घोडं अडलंय गॅसच्या पाईपवर. दोन प्लंबर येऊन गेले. पहिला म्हणतो, "हीटरचं कनेक्शन पाऊण इंची आहे, तेव्हा हीटरकडे जाणारी अर्ध्या इंचाची फांदी पाऊण इंची करून देतो, बाकी कशाला हात लावायची गरज नाही." दुसरा म्हणतो, मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळी लाईन काढून सव्वा इंची टाकावी लागेल, त्यासाठी बेसमेंटचं छतही फोडावं लागेल. त्याचा खर्च हीटरच्या किमतीपेक्षा जास्त होतोय.

दोघांपैकी कोणीही कागदावर काही मांडून दाखवलं नाही. गॅसचा मामला आहे, पैसे वाचवायला म्हणून धोका नको. पण उगीच छत फोडायचीही इच्छा नाही. कोणाला यातलं नीट कळत असेल तर सांगा.

सरळसोट | सोमवार, रात्री १०:१५

अंगणवेल, दुसऱ्याच्या नादी लागू नका. हीटर बनवणाऱ्या कंपनीनेच पाऊण इंची तोंड दिलंय ना? त्यांना कळत नाही का? माझ्या मेहुण्याकडे पाऊण इंचीवरच टँकलेस चालतोय, कधी तक्रार नाही. पहिल्या प्लंबरला काम द्या.

मोजपट्टी | सोमवार, रात्री ११:०२

मी इमारतींच्या पाणी-गॅस-वातानुकूलनाची डिझाईन्स करतो, शिकागोच्या बाजूला. तुमचे दोन्ही प्लंबर अर्धवट बोलतायत असं वाटतंय, पण मापं मिळाल्याशिवाय ठाम बोलणार नाही.

सरळसोट, यंत्राचं तोंड पाऊण इंची असणं आणि लाईन पाऊण इंची पुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोंडावरून एवढंच कळतं की शेवटचे आटे कोणत्या मापाचे आहेत. मीटर त्या यंत्रापासून १० फुटांवर आहे की ८० फुटांवर, मधल्या लाईनवर आणखी काय काय जोडलंय, हे कंपनीला कुठून माहीत असणार? तुमच्या मेहुण्यांकडे हीटर मीटरच्या शेजारीच असेल तर पाऊण इंची व्यवस्थित चालेल. तेच घर लांबुळकं असतं तर चाललं नसतं.

पाईपचं माप तीन गोष्टींवरून ठरतं. सगळ्या यंत्रांना मिळून तासाला किती गॅस लागतो, मीटरपासून सर्वांत लांबचं यंत्र किती फुटांवर आहे, आणि वाटेत किती दाब गमावलेला चालतो. तिसरी गोष्ट बहुतेक लोकांच्या ध्यानातच येत नाही. अमेरिकेत घरातल्या लाईनमध्ये नैसर्गिक वायूचा दाब साधारण ७ इंच उंच पाण्याच्या दाबाइतका असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. मुळात एवढीशीच पुंजी, त्यातला अर्धा इंच दाब पाईपच्या घर्षणात गेला तर चालतो असं धरून नेहमीचे तक्ते बनवलेत.

अंगणवेल, एवढं करा. प्रत्येक यंत्राच्या पाटीवरचा इनपुट बीटीयू लिहून घ्या. आउटपुट नको, इनपुट. आणि मीटरपासून पाईप कसा जातो, कुठे फांद्या फुटतात, प्रत्येक तुकडा किती फूट आणि किती इंची, हे टेप लावून मोजा. बेसमेंटमध्ये पाईप उघडे दिसत असतील तर सोपं आहे.

अंगणवेल | मंगळवार, रात्री ८:५०

मोजपट्टी, खूप आभार. आज मी आणि मुलाने मिळून मोजलं. पाईप बहुतेक ठिकाणी उघडेच आहेत, फक्त स्वयंपाकघराखाली छत झाकलेलं आहे.

पाट्यांवरचे आकडे: फर्नेस (घर तापवणारी) ८०,०००, स्वयंपाकाची रेंज ६५,०००, कपड्यांचा ड्रायर २२,०००, जुना वॉटर हीटर ४०,०००.

मीटरपासून पहिल्या टीपर्यंत (टी म्हणजे फांदी फुटते तो जोड) १२ फूट, एक इंची. त्या टीवरून वॉटर हीटरची फांदी १० फूट, अर्धा इंची. पहिल्या टीपासून दुसऱ्या टीपर्यंत १४ फूट, एक इंची. तिथून फर्नेसकडे ८ फूट, अर्धा इंची. दुसऱ्या टीपासून तिसऱ्या टीपर्यंत १६ फूट, पाऊण इंची. तिथून ड्रायरला ६ फूट अर्धा इंची, आणि रेंजकडे १८ फूट, तोही अर्धा इंची.

सगळा काळा लोखंडी पाईप आहे. मीटरच्या पाटीवर २५० हा आकडा दिसतो, त्याचा अर्थ कळला नाही.

मोजपट्टी | मंगळवार, रात्री ११:३०

फार छान मोजलंय. आता मांडून दाखवतो, म्हणजे कोणताही प्लंबर समोर आला तरी तुम्हाला त्याच्याशी बोलता येईल.

नैसर्गिक वायूच्या एका घनफुटात साधारण १,००० बीटीयू उष्णता असते. म्हणून ८०,००० बीटीयूच्या फर्नेसला तासाला ८० घनफूट. जुना भार: ४० + ८० + ६५ + २२ = २०७ घनफूट. नवा भार: १९९ + ८० + ६५ + २२ = ३६६ घनफूट. नुसता हीटर बदलल्याने घराची गॅसची मागणी पावणेदोन पट होते, आणि खरी अडचण ही आहे.

सर्वांत लांबचं यंत्र रेंज: १२ + १४ + १६ + १८ = ६० फूट. आता तक्त्यात ६० फुटांची ओळ बघायची (शेड्यूल ४०, म्हणजे नेहमीच्या जाडीचा लोखंडी पाईप, अर्धा इंच दाबघट). तासाला अर्धा इंची ६५ घनफूट वाहून नेतो, पाऊण इंची १३७, एक इंची २५७ आणि सव्वा इंची ५२८.

मीटर ते पहिली टी: इथून सगळ्यांचा गॅस जातो. जुन्या २०७ ला एक इंची (२५७) पुरत होता. नव्या ३६६ ला पुरत नाही. इथे सव्वा इंची लागणार.

पहिली ते दुसरी टी: फर्नेस, ड्रायर आणि रेंज मिळून १६७. एक इंची आहे, पुरतो. हात लावायचा नाही.

दुसरी ते तिसरी टी: रेंज आणि ड्रायर, ८७. पाऊण इंची (१३७) आहे. पुरतो.

रेंजचे शेवटचे १८ फूट: ६५ घनफूट, आणि अर्धा इंची बरोब्बर ६५ नेतो. काठावर, पण बसतं.

ड्रायरला २२, अर्धा इंची भरपूर.

फर्नेसची फांदी: ८० घनफूट. ६० फुटांच्या ओळीत अर्धा इंची ६५ च नेतो, म्हणजे अपुरा दिसतो. पण फांद्यांसाठी दुसरी पद्धतही मान्य आहे: मुख्य लाईन सर्वांत लांबच्या अंतरावर काढायची आणि फांदी मात्र मीटरपासून त्या यंत्रापर्यंतच्या अंतरावर. फर्नेसचं अंतर १२ + १४ + ८ = ३४, म्हणून ४० फुटांची ओळ. तिथे अर्धा इंची ८१ नेतो. बसला. ज्याने हे घर बांधलं त्याने हिशोबाने बांधलंय, एकही पाईप उगीच जाड नाही.

आता तुमची टँकलेसची फांदी. याच पद्धतीने १२ + १० = २२ फूट, म्हणून ३० फुटांची ओळ. तिथे पाऊण इंची १९९ घनफूट नेतो आणि तुम्हाला १९९ च हवेत. पहिला प्लंबर कदाचित यावरच बोलत असेल. पण यात एल्बो (वळणाचे जोड) आणि टी धरलेले नाहीत. पाऊण इंची एल्बो म्हणजे साधारण दोन फूट सरळ पाईपएवढा अडथळा, आणि टीमधून वळायचं तर चार फूट. तीन एल्बो आणि एक टी धरा, झाले दहा फूट. बावीसचे बत्तीस. लगेच ४० फुटांची ओळ आली, तिथे पाऊण इंची १७० च नेतो. म्हणून ही फांदी एक इंची करा, आणि हीटरच्या तोंडाशी पाऊण इंची रिड्यूसर (माप लहान करणारा जोड) लावू द्या.

म्हणजे बदलायचं ते इतकंच: पहिले १२ फूट सव्वा इंची आणि हीटरची १० फुटांची फांदी एक इंची. स्वयंपाकघराखालचं छत फोडायचं काही कारण दिसत नाही.

नवीन_भाडेकरू | बुधवार, सकाळी ७:१०

एक मूलभूत प्रश्न. पहिला तुकडा फक्त १२ फुटांचा आहे, मग त्याला ६० फुटांची ओळ का लावली? १२ फुटांच्या हिशोबाने एक इंची सहज पुरेल ना?

मोजपट्टी | बुधवार, सकाळी ८:०५

चांगला प्रश्न, कारण नेमकी इथेच गल्लत होते. अर्धा इंच दाब गमवायची मुभा ही मीटरपासून रेंजपर्यंतच्या पूर्ण वाटेला मिळून आहे. महिन्याचा पगार पहिल्या आठवड्यातच संपवला तर उरलेल्या तीन आठवड्यांना काय राहणार? तसंच हे. १० फुटांच्या ओळीत एक इंची ६७८ घनफूट दाखवतो, पण त्या १० फुटांतच सगळा अर्धा इंच खर्ची पडलेला असतो. पुढे ४८ फुटांवरच्या रेंजला मग काय मिळणार?

आता पूर्ण खरं सांगायचं तर, तुकड्या-तुकड्याने दाबघट काढली तर चित्र थोडं वेगळं दिसतं. पहिला तुकडा एक इंचीच ठेवून ३६६ घनफूट सोडले तर त्या १२ फुटांत सुमारे ०.१९ इंच जातात. पुढच्या तीन तुकड्यांत अंदाजे ०.०५, ०.०६ आणि ०.१५. बेरीज ०.४५. म्हणजे फिटिंग्ज धरल्या नाहीत तर कसंबसं अर्ध्या इंचाच्या आत बसतं. एल्बो आणि टी धरल्या की बाहेर जातं. सव्वा इंची केल्यावर त्याच १२ फुटांतली घट ०.०५ वर येते. जवळजवळ एक चतुर्थांश. बारा फुटांच्या पाईपसाठी एवढं मिळत असेल तर काठावर का राहायचं?

सरळसोट | बुधवार, दुपारी १२:४०

मांडणी पटली. पण एक शंका उरतेच. सगळी यंत्रं एकाच वेळी पूर्ण जोराने कधी चालतात? रेंजचे पाचही बर्नर, ओव्हन, फर्नेस, ड्रायर, अंघोळ, सगळं एकदम? ३६६ हा आकडा कागदावरचाच वाटतो.

मोजपट्टी | बुधवार, संध्याकाळी ६:२०

एका कुटुंबाच्या घरासाठी इन्स्पेक्टर जोडलेला पूर्ण भारच धरतो, सवलत देत नाही. आणि न्यू जर्सीची जानेवारीतली सकाळ डोळ्यांसमोर आणा. बाहेर उणे तापमान, फर्नेस न थांबता चालू. नळाचं पाणी ४० फॅरनहाइटच्या आसपास येतंय, म्हणून टँकलेस पूर्ण जोरावर. कोणीतरी ड्रायर लावलाय. शेगडीवर चहा आणि पोहे. रेंज अर्धी धरली तरी १९९ + ८० + २२ + ३२ = ३३३. एक इंचीच्या २५७ च्या कितीतरी वर. शिवाय नेमक्या त्याच सकाळी सगळा गाव गॅस ओढत असतो.

दाब कमी पडला की टँकलेस आधी पाणी कोमट देतो, मग ज्योत टिकत नाही म्हणून एरर दाखवून बंद पडतो. पुष्कळ ठिकाणी लोक यंत्रालाच दोष देतात, सेन्सर बदलतात, बोर्ड बदलतात. मीटरजवळच्या बारा फूट पाईपकडे कोणी बघतच नाही. आणि हे उन्हाळ्यात दिसत नाही, कारण फर्नेस बंद असते. तुमच्या मेहुण्यांना जानेवारीत विचारून बघा. चालत असेल तर त्यांचं अंतर कमी आहे.

अंगणवेल | बुधवार, रात्री ९:१५

आता खूपच स्पष्ट झालं. एक विचार मनात आला: लहान टँकलेस घेतला तर लाईन आहे तशी ठेवता येईल का?

मोजपट्टी | बुधवार, रात्री १०:००

काढून बघू. २५७ मधून बाकीच्यांचे १६७ वजा केले तर हीटरला ९० घनफूट उरतात. ९०,००० बीटीयूचा टँकलेस तुमच्याकडच्या हिवाळ्यात, पाणी ४० वरून ११० फॅरनहाइटला न्यायचं तर, मिनिटाला सुमारे अडीच गॅलन देईल. म्हणजे एक शॉवर, बस. १,५०,००० चा घेतला तर चार गॅलन, १,९९,००० चा घेतला तर साडेपाचच्या जवळपास. पण १,५०,००० लाही एकूण भार ३१७ होतो, म्हणजे पहिला तुकडा बदलावाच लागतो. बदलायचाच आहे तर मोठा घ्या.

लाईनला अजिबात हात लावायचा नसेल तर ५० गॅलनची टाकी किंवा विजेवरचा हीट पंप हीटर हे पर्याय आहेत. हीट पंपाला गॅसच लागत नाही, बेसमेंट थोडं गार आणि कोरडं होतं. फक्त पाणी परत तापायला वेळ लागतो, आणि तुमच्याकडे अंघोळी पाठोपाठ आहेत.

ह्यूस्टनवासी | गुरुवार, सकाळी ९:३०

यात एक भर घालतो. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्ससमध्ये वीज गेली, त्यानंतर इकडे घरोघरी गॅसवरचे जनरेटर बसायला लागले. २० ते २२ किलोवॅटच्या जनरेटरला पूर्ण भारावर नैसर्गिक वायू तासाला सुमारे ३०० घनफूट लागतो. म्हणजे अंगणवेल यांच्या जवळजवळ अख्ख्या घराइतका! जनरेटर विकणारे याबद्दल फारसं बोलत नाहीत. पुढे कधी जनरेटर घ्यायचा असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मीटरपासून त्याची वेगळी लाईन काढायला जागा ठेवता येईल.

पेठेतली_पोर | गुरुवार, संध्याकाळी ७:४५

धागा वाचते आहे. हे सगळं अमेरिकेचं झालं, पण माझा त्रासही याच जातीचा आहे. पुण्यात आमच्याकडे पाईप गॅस आहे. चार बर्नरचा हॉब, आणि ड्राय बाल्कनीत ६ लिटरचा गॅस गीझर. गीझर सुरू झाला की हॉबची ज्योत खाली बसते. मिस्त्री म्हणाला पाईप अर्ध्या इंचाचा आहे, पाऊण इंची करायला लागेल. खरं का?

गॅसफिटर_ठाणे | गुरुवार, रात्री १०:२०

ताई, मी हेच काम करतो, ठाणे-कल्याण पट्ट्यात. तुमच्या मिस्त्रीला पाईपला हात लावू देऊ नका. मीटर, रेग्युलेटर आणि पाईप हे गॅस कंपनीच्या माणसानेच उघडायचं.

हिशोब असा. आपल्याकडे मीटरनंतर दाब २१ मिलिबार असतो, म्हणजे अमेरिकेतल्या ७ इंचांपेक्षा थोडा जास्तच. १ घनमीटर गॅसमधून साधारण १० किलोवॅट-तास उष्णता मिळते. ६ लिटरच्या गीझरला अंदाजे १२ किलोवॅट, म्हणजे तासाला १.२ घनमीटर. चारही बर्नर पूर्ण सोडले तर साधारण साडेसात किलोवॅट, पाऊण घनमीटर. दोन्ही मिळून दोनच्या आत. घरगुती जी १.६ मापाचा गॅस मीटर तासाला जास्तीत जास्त २.५ घनमीटर देतो. आणि मोजपट्टी साहेबांच्या तक्त्यातला अर्धा इंची ३० फुटांवर ९५ घनफूट नेतो, म्हणजे २.७ घनमीटर. आपला सी क्लास जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप भिंतीने जाड असतो, आतलं भोक थोडं लहान, म्हणून २.३ धरा. तरीही पुरतो. फ्लॅटमध्ये मीटरपासून दहा मीटरच्या आत दोन्ही यंत्रं असतील तर अर्धा इंची बरोबर आहे.

दोष दुसरीकडे शोधायचा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा हॉबमागची रबर नळी ओट्याखाली दुमडलेली सापडते, किंवा यंत्राजवळचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडा असतो. कधी मीटरजवळचा रेग्युलेटर थकलेला असतो. हॉब सिलिंडरवरून पाईप गॅसवर आणताना जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलले नसतील तर ज्योत कायमच बारीक राहते, पण ती गीझर बंद असतानाही बारीकच दिसेल.

घरच्या घरी एक तपासणी करता येते, कशालाही हात न लावता. चारही बर्नर मोठे करा, गीझरचं गरम पाणी पूर्ण सोडा. मीटरवरचा आकडा लिहा, लाल चौकटीतल्या दशांशांसकट. बरोबर सहा मिनिटांनी पुन्हा लिहा. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, म्हणून फरकाला दहाने गुणलं की तासाचा वापर. ०.१९ च्या आसपास फरक आला तर गॅस पूर्ण येतोय. ०.१२-०.१३ च आला तर कुठेतरी अडतोय. तो आकडा घेऊनच कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा, तक्रार लवकर हलते.

आणि गीझर ड्राय बाल्कनीतच राहू दे. ती बाल्कनी काचा लावून बंद करू नका. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या वायूला वास नसतो, कळेपर्यंत माणूस बेशुद्ध होतो.

पेठेतली_पोर | शुक्रवार, सकाळी १०:०५

दादा, आत्ताच करून बघितलं. फरक ०.१३१ आला. आणि हॉबमागे टॉर्च मारून पाहिलं तर ट्रॉलीचा मागचा पत्रा नळीवर दाबून बसलाय, नळी अक्षरशः चपटी झाली आहे. गॅस बंद केलाय, फोन लावतेय.

गॅसफिटर_ठाणे | शुक्रवार, सकाळी १०:३०

उत्तम केलंत. नळी नवीनच घालायला सांगा, चपटी झालेली सरळ करून वापरायची नाही, आतून चिरलेली असू शकते. आणि बदलल्यावर साबणाचं पाणी लावून दोन्ही टोकं तुमच्यासमोर तपासून घ्या.

नवीन_भाडेकरू | शुक्रवार, दुपारी १:१५

अंगणवेल यांच्या इथे लोखंडी पाईपऐवजी ती पिवळी लवचिक नळी टाकली तर? आमच्या अपार्टमेंटमध्ये तीच आहे. कामही लवकर होईल.

मोजपट्टी | शुक्रवार, संध्याकाळी ६:५०

टाकता येते, पण लोखंडाचा तक्ता तिला लावायचा नाही. तिची आतली भिंत पन्हाळी असते, घर्षण जास्त. म्हणून तिचं माप इंचात न देता समतुल्य व्यासाच्या आकड्याने देतात आणि तक्ता त्या-त्या बनावटीचा वेगळा. त्या तक्त्यांत चार वळणं आणि दोन टोकं आधीच धरलेली असतात. त्याहून जास्त वळणं असली तर लांबी वाढवायची. शिवाय विजेच्या दृष्टीने ती घराच्या अर्थिंगला जोडावी लागते, वीज कोसळून अशा नळीला भोक पडल्याच्या घटना घडल्या आहेत. अंगणवेल यांच्याकडे पाईप उघडे आहेत, अंतर कमी आहे. तिथे लोखंडच बरं.

आणि मीटरचं राहिलं होतं. तो २५० म्हणजे तासाला २५० घनफुटांचा मीटर. २०७ ला पुरत होता, ३६६ ला नाही. पाईप कितीही जाड टाकला तरी मीटरच गळा आवळणार. गॅस कंपनीला नवा एकूण भार लेखी कळवायचा, मग ते मीटर आणि गरज पडली तर रेग्युलेटरही बदलतात. हे दोन्ही प्लंबरांनी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. कंपनीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आधी टाका, हीटर नंतर मागवा.

अंगणवेल | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:३०

उशिरा लिहितेय, क्षमस्व. तिसऱ्या प्लंबरला बोलावलं आणि तुमची मांडणी त्याच्यासमोर ठेवली. त्याने स्वतः मोजलं, स्वतःचा तक्ता काढला आणि म्हणाला, बरोबर आहे. टाउनशिपकडून परमिट काढलं. पहिले १२ फूट सव्वा इंची, हीटरची फांदी एक इंची, हीटरजवळ बंद करायचा व्हॉल्व्ह आणि कचरा साठायचा खालचा उभा तुकडा. लाईन हवेने भरून दाबाची चाचणी झाली, इन्स्पेक्टर येऊन गेला. छत शाबूत आहे. खर्च दुसऱ्या प्लंबरच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आला. गॅस कंपनीने मीटर बदलून ४२५ चा लावला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

मोजपट्टी, प्लंबरने हीटरच्या तोंडाशी मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) लावला होता. सगळं बंद असताना ७.४ इंच. मग फर्नेस, ड्रायर, रेंजचे सगळे बर्नर आणि दोन्ही शॉवर गरम पाण्यावर सोडले, तेव्हा ६.८. हे ठीक आहे ना? आई-बाबा परवा पोचतायत.

मोजपट्टी | रविवार, रात्री ९:१०

अगदी ठीक. त्या ०.६ मध्ये मीटर आणि रेग्युलेटरचाही वाटा आहे. ६.८ म्हणजे यंत्राच्या पाटीवरच्या किमान दाबापेक्षा भरपूर वर असणार, एकदा पाटीशी ताडून बघा.

हे आकडे कागदावर लिहून मीटरजवळ लावून ठेवा, तारखेसकट. जोडलेला भार ३६६, मीटर ४२५, म्हणजे ५९ शिल्लक. पहिल्या ते दुसऱ्या टीमध्ये ९० शिल्लक, दुसरी ते तिसरीत ५०. रेंजच्या शेवटच्या १८ फुटांत शिल्लक शून्य. म्हणजे उद्या मोठी रेंज घ्यावीशी वाटली तर आधी तो तुकडा पाऊण इंची करावा लागेल, आणि तेव्हा मात्र स्वयंपाकघराखालचं थोडं छत उघडावं लागेल.